चांगल्या रस्त्यावरचा खर्च



बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचे नाव निघाले की कोणाला सप्रू-जयकर शिष्टाई आठवते, कोणाला गोलमेज परिषद. पुणेकरांना विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि तिथले जयकर ग्रंथालय आठवते. रस्ते मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. १९२७ साली मध्यवर्ती विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची एक रस्तेविषयक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद जयकरांकडे आले. १९२८ मध्ये समितीने अहवाल दिला. प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्यात आता रस्ते राहिलेले नाहीत, हा देशाचा प्रश्न आहे, असे त्यांनी सांगितले. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा काढा, आणि रस्ते बांधणाऱ्या जाणकारांनी एकत्र बसून आपापले अनुभव ताडून पाहावेत अशी एक संस्था काढा, अशीही शिफारस केली. १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि पुढे १९५२ मध्ये दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था उभी राहिली. आज तालुक्याचा शाखा अभियंता अंदाजपत्रक करताना जी संहिता उघडतो ती याच रोड्स काँग्रेसची असते.

या माणसाच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानात मी एका अगदी पातळ विषयावर बोलणार आहे. पातळ म्हणजे शब्दशः पातळ, काही मिलिमीटर. डांबरी रस्त्यावर वरून जे लेप दिले जातात, म्हणजे सील कोट, सरफेस ड्रेसिंग, स्लरी सील, मायक्रोसरफेसिंग, ते रस्ता खरोखर किती जपतात, हा माझा प्रश्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हे लेप रस्ता जपतात, आणि चांगले जपतात, पण जो रस्ता अजून चांगला आहे तोच. आपल्याकडे ते बहुधा बिघडलेल्या रस्त्याच्या वाट्याला येतात, आणि मग टिकले नाहीत म्हणून बदनाम होतात.

डांबरी रस्त्याचा जन्मच मुळी लेपातून झाला. खडी, मुरूम आणि पाणी यांनी दाबून बसवलेला जुना रस्ता बैलगाडीला पुरत होता. रबरी धावांच्या मोटारी आल्या आणि त्यांच्या वेगाने खडीमधली बारीक माती उचलली जाऊ लागली. धूळ उडाली की खडी मोकळी होई, आणि खडी मोकळी झाली की रस्ता संपे. १९०२ साली मोनॅकोमध्ये एर्नेस्ट गुग्लिएल्मिनेत्ती या स्विस डॉक्टरने धुळीवर उपाय म्हणून रस्त्यावर गरम डांबर पसरून दाखवले. एका वैद्याला फुप्फुसांची काळजी वाटली आणि त्यातून रस्त्यांच्या इतिहासाला वळण मिळाले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. पुढे खडी आणि डांबर एकत्र शिजवून जाड थर घालण्याची पद्धत रुजली. मूळची लेपाची विद्या देखभालीच्या कामापुरती मागे उरली.

आता रस्ता मरतो कसा, ते पाहू. त्याशिवाय लेप काय करतो ते कळणार नाही.

डांबरी थर दोन बाजूंनी खचतो. वरून ऊन आणि हवा. डांबरातले हलके तेलकट घटक कमी होतात, प्राणवायूशी संयोग होऊन उरलेले घटक ताठ आणि ठिसूळ होतात. हे काम सर्वांत जोराने चालते ते वरच्या सेंटिमीटरभर थरात. नवा रस्ता काळाभोर दिसतो आणि काही वर्षांनी राखाडी पडतो, त्यात ऊन आणि झीज दोन्ही असतात. मग वरची बारीक खडी सुटू लागते, केसाएवढ्या भेगा पडतात. दुसरी बाजू खालची. ओझे जाते तेव्हा डांबरी थर वाकतो आणि त्याच्या तळाला ताण बसतो. हजारो वेळा वाकला की तळातून भेग सुरू होते, वर येते, आणि चाकांच्या पट्ट्यात जाळीदार भेगांचा तुकडा दिसू लागतो. या दोन भेगा वरून पाहणाऱ्याला सारख्याच वाटतात, पण पहिली त्वचेची आहे आणि दुसरी हाडाची.

दोन्हींतून शेवटी आत जाते ते पाणी. खालचा खडीचा थर कोरडा असतो तोवर खडे एकमेकांत अडकून ओझे पेलतात. तो पाण्याने भरला की चाक येताच पाण्यावर दाब येतो, खडे एकमेकांवरून सरकतात, बारीक माल भेगेतून वर फेकला जातो. भेगेच्या कडेला साचलेला पांढुरका चिखल पावसाळ्यात आपण सर्वांनी पाहिला आहे. तो रस्त्याच्या पायातून बाहेर आलेला माल असतो. त्यानंतर खड्डा पडायला एखादी जोरदार सर पुरते.

लेप या साखळीत एकाच ठिकाणी हात घालतो: पृष्ठभागावर. सरफेस ड्रेसिंगमध्ये डांबर किंवा इमल्शन फवारतात, त्यावर एकाच मापाची खडी एका थरात पसरून रोलर फिरवतात. स्लरी सीलमध्ये इमल्शन, बारीक खडी, भुकटी आणि पाणी यांचा रबडीसारखा घट्ट काला थंडच पसरतात. मायक्रोसरफेसिंग हा त्याचाच पुढचा, पॉलिमर घातलेला आणि लवकर घट्ट होणारा प्रकार. तो जर्मनीत विकसित झाला. काला पसरताना तपकिरी असतो, पाणी सुटून डांबर खडीला धरले की काळा होतो, आणि हवामान बरे असेल तर तासादोनतासांत वाहने सोडता येतात. हे सगळे लेप पाणी अडवतात, जुने डांबर उन्हापासून झाकतात, टायरला पकड देतात. पण एकही लेप रस्त्याची ताकद वाढवत नाही. गच्चीचे वॉटरप्रूफिंग स्लॅब शाबूत असताना करायचे असते. सळया गंजून स्लॅब लोंबायला लागल्यावर वरून कितीही केमिकल ओतले तरी तो वर येत नाही. लेपाचे नेमके तसेच आहे.

एवढे तर्काने कळते. पण तर्काने कळलेले किती खरे आहे ते मोजायचे कसे? एखाद्या रस्त्यावर लेप दिला आणि तो आठ वर्षे चांगला राहिला, तर श्रेय लेपाचे की मुळातल्या चांगल्या बांधणीचे? याचे उत्तर एकाच मार्गाने मिळते. त्याच रस्त्याचा, त्याच वाहतुकीचा, त्याच पावसाचा एक तुकडा लेपाविना तसाच ठेवावा लागतो. ही गोष्ट सोपी वाटते. प्रत्यक्षात ती फार थोड्या ठिकाणी केली गेली आहे, आणि जिथे केली गेली तिथली हकीगत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९८७ साली अमेरिकेत महामार्गांविषयी एक मोठा राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम मंजूर झाला. त्यात रस्त्यांच्या दीर्घकालीन वर्तनाचा अभ्यास होता, आणि त्याची तिसरी विशेष शाखा केवळ डांबरी रस्त्यांच्या प्रतिबंधक देखभालीसाठी होती. १९९०-९१ च्या सुमारास अमेरिका आणि कॅनडात मिळून ८१ ठिकाणे निवडली गेली. काही बर्फाळ, काही कोरडी, काही ओलसर आणि उष्ण. प्रत्येक ठिकाणी एकाच रस्त्यावर ५००-५०० फुटांचे तुकडे पाडले. एकावर पातळ डांबरी थर, एकावर चिप सील म्हणजे आपले सरफेस ड्रेसिंग, एकावर स्लरी सील, एकावर फक्त भेगा भरणे, आणि तुलनेसाठी एक तुकडा तसाच. मला या योजनेत सर्वांत आवडते ती एक खबरदारी. चिप सील, स्लरी सील आणि भेगा भरण्याचे काम प्रत्येक विभागात एकाच ठेकेदाराने, त्याच माणसांकडून, त्याच मालाने करायचे होते. एकीकडचा मुकादम कसबी आणि दुसरीकडचा हलगर्जी, असा फरक निकालात मिसळू नये म्हणून.

निकाल काय आले? सर्व ठिकाणांचा एकत्र विचार करता पातळ डांबरी थर पहिला आला, त्यामागे चिप सील, त्यामागे स्लरी सील. गाडीला बसणारे हादरे कमी करणे फक्त पातळ थराला जमले. काही मिलिमीटरच्या लेपाने रस्ता सपाट होत नाही, हे यात स्पष्ट झाले. ओझ्यामुळे पडणाऱ्या भेगांच्या बाबतीत पातळ थर आणि चिप सील या दोघांनी तशाच ठेवलेल्या तुकड्यापेक्षा ठळक फरक दाखवला. नुसत्या भेगा भरण्याने दीर्घकाळचा ठळक फायदा दिसला नाही. यातून भेगा भरू नयेत असे मी म्हणणार नाही. पाणी अडवणे केव्हाही चांगलेच. पण त्या एकट्या उपायावर रस्ता सोडून देऊ नये.

१९९९ मध्ये दक्षिण विभागातल्या तुकड्यांचा एक वेगळा अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकशास्त्रात रोगी किती काळ जगतात याचा हिशेब ज्या गणिताने करतात, तेच गणित रस्त्याच्या तुकड्यांना लावले होते. निम्मे तुकडे निकामी व्हायला लागलेला काळ पातळ थराच्या बाबतीत ७ वर्षे, स्लरी सीलच्या बाबतीत साडेपाच, आणि भेगा भरण्याच्या बाबतीत ५ वर्षांच्या किंचित पुढे निघाला. चिप सीलचे निम्मे तुकडे ८ वर्षांनंतरही निकामी झालेले नव्हते. या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा मात्र दुसराच आहे. लेप देताना जो तुकडा आधीच वाईट अवस्थेत होता, तो निकामी होण्याची शक्यता चांगल्या तुकड्याच्या दुप्पट ते चौपट होती. लेप कोणता, यापेक्षा लेप कशावर, हा प्रश्न मोठा ठरला.

मग यापुढचा प्रश्न येतो: चांगला म्हणजे नेमका किती चांगला? भेगा नसताना, की थोड्या पडल्यावर? हे शोधण्याचे काम अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या डांबर तंत्रज्ञान केंद्राने हाती घेतले. त्यांनी निवडलेला रस्ता फार मजेशीर आहे. ली रोड १५९ हा काउंटीचा साधा रस्ता, आणि त्याच्या टोकाला खडीची खाण आणि डांबर मिश्रणाचा कारखाना. पुढे रस्ताच नाही. म्हणजे ट्रक रिकामे आत जातात आणि भरून बाहेर येतात. एका मार्गिकेवर हलके ओझे, दुसरीवर जड. ऊन-पाऊस दोघांना सारखा. शिवाय माल वजन करूनच बाहेर पडत असल्याने रस्त्यावरून किती टन गेले याचा हिशेब काट्यावरच तयार. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे १०० फुटांचे २५ तुकडे पाडून वेगवेगळे लेप आणि त्यांच्या जोड्या घातल्या, काही तुकडे तसेच ठेवले. आधी प्रत्येक तुकडा छोट्या छोट्या भागांत वाटून भेगांची नोंद केली होती. त्यामुळे एकच लेप भेगा नसलेल्या, थोड्या भेगाळलेल्या आणि फार भेगाळलेल्या पृष्ठभागावर कसा वागतो, ते वेगवेगळे पाहता आले. पुढे २०१५ मध्ये जड वाहतुकीच्या महामार्ग २८० वर, आणि २०१६ मध्ये मिनेसोटाच्या थंडीत तिथल्या रस्ते प्रयोगशाळेबरोबर अशीच मांडणी झाली. या मांडणीतून लेपाचे आयुष्य वेगळ्या रीतीने मोजता येते. लेप किती वर्षांनी फाटला हे पाहण्याऐवजी, लेप दिलेला भाग आणि तसाच ठेवलेला भाग एकाच अवस्थेला किती वर्षांच्या अंतराने पोहोचले, ते पाहायचे. ते अंतर म्हणजे लेपाची खरी कमाई.

या मापाने पाहिले की एक खूप सांगितली जाणारी गोष्ट सांभाळून सांगावी लागते. प्रत्येक चर्चासत्रात एक वक्ररेषा दाखवतात: रस्ता बरीच वर्षे बरा राहतो, मग एकदम कोसळतो, म्हणून कोसळण्याआधी रुपया खर्च करा आणि पुढचे सहा किंवा दहा वाचवा. दिशा बरोबर आहे. पण तो सहाचा किंवा दहाचा आकडा प्रत्येक रस्त्याला लागू पडत नाही, आणि लोकप्रतिनिधींपुढे तो छातीठोकपणे सांगणाऱ्या अभियंत्याला पुढे उत्तर देता येत नाही. काल-परवा केलेल्या, एकही भेग नसलेल्या रस्त्यावर लेप दिला तर वाचण्यासारखे तिथे थोडेच असते. हाड मोडलेल्या रस्त्यावर दिला तर काहीच नसते. मधला काळ पकडावा लागतो, आणि तो पकडायला प्रत्येक रस्त्याची वर्षाकाठची नोंद लागते.

न्यूझीलंडचे उदाहरण यासाठी मला मोलाचे वाटते. तिथल्या पक्क्या रस्त्यांच्या जाळ्याचा फार मोठा भाग खडीच्या थरावर दिलेल्या चिप सीलचाच आहे. जाड डांबरी थर त्यांनी शहरांपुरते आणि जड वाहतुकीपुरते ठेवले. पाऊस तिथेही आहे. त्यांचे रस्ते टिकतात ते पुन्हा लेप देण्याचा क्रम चुकत नाही म्हणून, आणि पाण्याचा निचरा ते रस्त्याचाच भाग मानतात म्हणून.

आता आपल्याकडे येतो. महाराष्ट्रात आपले नशीब एका बाबतीत चांगले आहे. आपला काळा बेसाल्ट डांबराला क्वार्ट्झच्या खडीपेक्षा बरा धरतो. आणि एका बाबतीत वाईट आहे: त्याच बेसाल्टपासून झालेली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. काळ्या मातीवरच्या रस्त्याच्या कडेला लांबच लांब भेग दिसते तेव्हा ती खालून आलेली असते. तिच्यावर मायक्रोसरफेसिंग करणे म्हणजे एका वर्षाचे समाधान विकत घेणे. तसेच उसाच्या पट्ट्यात. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस जातात आणि कडेच्या शेताचे पाणी रस्त्याच्या पोटात मुरलेले असते. इलिनॉयमधील ओटावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून असा ठोकताळा निघाला की आसावरचे ओझे दुप्पट झाले तर रस्त्याचे नुकसान सुमारे सोळा पट होते. तिथे लेपाने काय करावे? तिथे जाडी हवी, निचरा हवा, आणि ओझ्यावर लगाम हवा.

ग्रामीण रस्त्यांवर आपण बहुधा २० मिलिमीटरचे कार्पेट आणि त्यावर सील कोट घालतो. हे कार्पेट मुद्दाम पोकळीदार असते, त्यातून पाणी जाते. म्हणजे त्या रस्त्याचे सगळे संरक्षण वरच्या सील कोटवर आहे. तोच हात आखडून मारला, किंवा मार्चअखेर गाठायची म्हणून धुळीवरच मारला, तर पहिल्या पावसातच पाणी खालच्या खडीत पोचते. कितीतरी ठिकाणी साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली असते आणि पाणी डांबरावरच उभे राहते. माझ्या मते साईडपट्टी छाटणे आणि गटार मोकळे करणे ही कोणत्याही लेपाची पहिली पायरी आहे. निविदेत ती वेगळी बाब म्हणून लिहिलेली असली पाहिजे. आत पाणी असलेल्या रस्त्यावर लेप दिला तर ओलावा आत कोंडतो आणि खडीवरचे डांबर सोलून निघते. म्हणून आपल्या हवामानात लेपाचे काम पावसाळा संपून रस्ता पुरता वाळल्यावरच घ्यावे. ऑक्टोबरच्या उन्हाची घाई नको, मे महिन्याच्या अखेरची तर मुळीच नको.

रोड्स काँग्रेसने मायक्रोसरफेसिंगची वेगळी मार्गदर्शिका काढली आहे, सरफेस ड्रेसिंगची संहिता आहे, आणि हे लेप मजबूत रस्त्यासाठी आहेत हेही सांगितलेले आहे. मग अडते कुठे?

अडते ते कामांच्या यादीत. समजा तालुक्याकडे देखभालीचे थोडे पैसे आले. एका गावाचा रस्ता खड्ड्यांनी भरला आहे, तिथली गरोदर बाई रिक्षातून दवाखान्यात कशी जाते ते सगळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या गावाचा रस्ता चार वर्षांचा, काळा नाही पण सपाट, कुठे केसभर भेगा. अभियंता म्हणतो, पैसे दुसऱ्या रस्त्यावर घाला. सभेत त्याचे काय होईल? त्याला अन्यायी म्हणतील, आणि म्हणणाऱ्यांना मी दोष देणार नाही. खड्ड्यातल्या गावाला थांब म्हणायचा अधिकार गणिताला नाही. पण दरवर्षी हाच निर्णय झाला की पाच वर्षांनी दुसरे गावही त्याच खड्ड्यात असते, आणि दोघांना पुरतील एवढे पैसे कधीच येत नाहीत. हा पेच एका निधीत सुटत नाही. चांगल्या रस्त्यांच्या लेपाचा पैसा आणि मोडलेल्या रस्त्यांच्या पुनर्बांधणीचा पैसा वेगळ्या खात्यांत असला पाहिजे, आणि पहिल्या खात्यातून दुसऱ्यात उचल करता येऊ नये. जयकरांच्या समितीने पेट्रोलचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत मिसळू न देता रस्त्यांसाठी बाजूला काढायला सांगितला, त्यामागचा विचार हाच होता. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच बांधून घेतली गेली, ते मला त्याच वाटेवरचे पाऊल वाटते. सहाव्या वर्षी काय, हे मात्र राज्याराज्याच्या तिजोरीवर सोडून दिले गेले.

दुसरी अडचण पुराव्याची आहे. कोकणातल्या धो धो पावसात, मराठवाड्याच्या काळ्या मातीत, घाटातल्या वळणावर कोणता लेप किती वर्षे कमावतो, हे अमेरिकेच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. ते आपले आपणच मोजले पाहिजे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. जिथे कुठे लेपाचे काम निघेल तिथे दीडशे मीटरचा एक तुकडा लेपाविना सोडावा. तो सरळ रस्त्यावर असावा, मोरीजवळ नको, बसथांब्याजवळ नको, दोन्हीकडची साईडपट्टी सारखी असावी. काम सुरू होण्याआधी दोन्ही भागांचे फोटो आणि भेगांचा नकाशा काढावा, आणि पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर तेच करावे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले हे काम आनंदाने करतील. नोंदवही ग्रामपंचायतीतही ठेवावी, फक्त कार्यालयात नको.

अमेरिकेतल्या त्या ८१ ठिकाणांवर पुढे एक गोष्ट घडली, ती इथे ध्यानात ठेवावी. लेपाविना ठेवलेले तुकडे आधी बिघडले, वाहनांना धोका वाटू लागला, आणि ते दुरुस्त करावे लागले, म्हणजे अभ्यासातून बाहेर गेले. आपल्याकडे हे अधिक लवकर होईल. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात कोणीतरी विचारेल की मधलाच तुकडा का सोडला, ठेकेदाराने पैसे खाल्ले काय. म्हणून त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना मराठीत पाटी हवी, तो का सोडला आहे ते लिहिलेली. कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा लेखी आदेशही हवा, की खड्डा पडला तर तो लगेच बुजवावा, बुजवल्याची तारीख नोंदवावी, पण ठरलेली वर्षे पुरी होईपर्यंत वरून लेप देऊ नये. बदलीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याकडे कार्यभार देताना तो आदेश फाइलच्या पहिल्या पानावर असावा.